माशा खाणारं झाड लव्हबर्डला धरेल का? खरी भीती पानांची नाही, कुंडीत टाकलेल्या औषधाची

ऑनलाइन मागवलेलं ‘माशा खाणारं झाड’ आणि ओसरीवर टांगलेला लव्हबर्डचा पिंजरा, दोन्ही एकाच घरात आले की आजीचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘अगं, ते झाड पाखराला गिळणार नाही ना?’

सरळ उत्तर असं, की नाही. सगळ्यात जास्त विकलं जाणारं व्हीनस फ्लायट्रॅप हे अमेरिकेतल्या कॅरोलिना भागातलं. त्याचा जबडा जेमतेम दोन-तीन सेंटीमीटरचा. आत बारीक केस असतात आणि वीसेक सेकंदांत त्यांना दोनदा धक्का लागला तरच तो मिटतो. आपण सरसकट लव्हबर्ड म्हणतो ते बहुतेक वेळा बजरीगर असतं. त्याची लांबी साधारण १८ सेंटीमीटर. त्यानं चोच घातलीच तर पान मिटेल, पाखरू चोच ओढून घेईल आणि वर पानाच्या चिंध्या करेल. नुकसान झाडाचंच.

घटपर्णीची गोष्ट थोडी वेगळी. तिच्या पानाच्या टोकाला सुरईसारखं भांडं असतं, काठ निसरडा आणि आत किडे पचवणारा रस. आपल्या देशात ती मेघालयात रानात उगवते. इंग्लंडमध्ये २०११ साली एका रोपवाटिकेत अशा भांड्यात चिमणीएवढा रानपक्षी मेलेला सापडला होता. असं क्वचितच घडतं. पण मोठ्या भांड्याची घटपर्णी असेल आणि तुम्ही फिंचसारखी छोटी पाखरं खोलीत मोकळी सोडत असाल, तर कुंडी दुसरीकडे टांगा.

तिसरं झाड दवबिंदू. हे तर आपल्या सह्याद्रीच्या सड्यांवर, कासच्या पठारावरही आहे. त्याच्या चिकट थेंबांनी चिलटं अडकतात, पाखरू नाही. (पठारावरून उपटून आणू नका. घरच्या काळ्या मातीत आणि बोअरच्या पाण्यात ते जगत नाही.)

आता विषाचं. फ्लायट्रॅप कुत्र्या-मांजरांसाठी बिनविषारी आहे, असं अमेरिकेतली प्राण्यांसाठी काम करणारी संस्था सांगते. ती यादी पक्ष्यांची नाही, म्हणून पानं चघळायला देऊ नयेत. तसं बघितलं तर घरोघरी असलेला मनीप्लांट पाखराला जास्त त्रासाचा. त्याच्या पानांनी तोंडाची आग होते. दारातली कण्हेर तर चांगलीच विषारी.

खरा घोळ कुंडीत होतो. ही झाडं निकस, ओल्या जागेतली. नायट्रोजन मातीत मिळत नाही म्हणून ती किडे खातात. त्यांना खत घातलं तर झाडच जळतं. तरी आपल्याकडे सवयीनं शेतातलं उरलेलं दाणेदार कीटकनाशक चिमूटभर टाकलं जातं. किडे खाणाऱ्या झाडाला किड्यांचं औषध! पाखराला तो दाणा आणि राळ्याचा दाणा सारखाच. थोडे दाणे टिपले तरी एवढ्याशा जिवाचा खेळ संपतो. फवारलेल्या पानाचंही तेच. नवीन रोप आणलं तर काही आठवडे पिंजऱ्यापासून लांबच ठेवा, कारण विकणाऱ्यानं काय मारलंय ते आपल्याला माहीत नसतं.

दुसरी गोष्ट ओलीची. या कुंड्या कायम पाण्याच्या ताटलीत असतात. वरच्या शेवाळाला बुरशी धरते आणि ती श्वासातून पाखराच्या फुप्फुसात जाऊ शकते. शिवाय ताटलीतलं साचलेलं पाणी पाखरू पितं. म्हणून कुंडी पिंजऱ्याला खेटून नको.

पाखरू पिसं फुगवून गप्प बसलं, चोच उघडी टाकून श्वास घेऊ लागलं, तर घरगुती उपाय करत बसू नका. जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना गाठा किंवा १९६२ या टोल फ्री नंबरवर फोन करा. काही औषध पोटात गेल्याचा संशय असेल तर त्याचं पाकीट किंवा बाटली सोबत न्या.