केऑसच्या संख्यांची जादू कितपत खरी?

जेनेटिक अल्गोरिदम असो वा पार्टिकल स्वार्म, सर्वोत्तम उत्तर शोधणाऱ्या या संगणकीय पद्धतींना पदोपदी यादृच्छिक संख्या लागतात: सुरुवातीची उत्तरे विखुरायला, म्युटेशन करायला, जोड्या लावायला. तिथे केऑसमधून, म्हणजे ठरलेल्या सूत्राने चालूनही बेभरवशाच्या भासणाऱ्या गणितातून, काढलेल्या संख्या वापरल्या की उत्तर लवकर सापडते, असे सांगणारे शोधनिबंध गेल्या वीसेक वर्षांत भरपूर निघाले. कारण म्हणून सांगितले जाते की केऑस ‘जास्त अस्सल’ यादृच्छिक असतो.

तसे नाही. सर्वांचा लाडका लॉजिस्टिक मॅप घ्या: जुनी संख्या क्ष असेल, तर नवी संख्या ४ × क्ष × (१ − क्ष). ०.२ नंतर ०.६४ आणि मग ०.९२१६ येणारच. सुरुवातीतला बारीकसा फरक दर पावलाला सरासरी दुप्पट होतो, म्हणून दूरचे भाकीत फसते. पण आधीची संख्या कळली की पुढची ठरलेली. उलाम आणि फॉन नॉयमन यांनी १९४७ मध्येच हे सूत्र यादृच्छिक संख्यांसाठी सुचवले होते. म्हणजे नवलाईही फारशी नाही.

दुसरा समज अधिक नडतो: या संख्या शून्य ते एकमध्ये सारख्या पसरतात. प्रत्यक्षात त्या कडांना गर्दी करतात. सुमारे २० टक्के संख्या ०.१ च्या खाली, तेवढ्याच ०.९ च्या वर, ०.४५ ते ०.५५ या मधल्या पट्ट्यात जेमतेम ६ टक्के. त्यामुळे चाचणीच्या गणिताचे उत्तर कडेजवळ असेल, तर पद्धत हुशार भासते. शिवाय टोकाच्या संख्यांमुळे उड्याही मोठ्या पडतात, आणि कधी कधी कामचलाऊ उत्तराच्या खड्ड्यात अडकलेला शोध त्यानेच सुटतो. हा फायदा खराच, पण त्याचे श्रेय केऑसचे की निव्वळ त्या वाटणीचे?

हे तपासायला फार काही लागत नाही. केऑसने दिलेल्या संख्यांचा क्रम पिसून टाका आणि त्याच संख्या पुन्हा वापरा. निकाल तसाच राहिला, तर केऑसचा क्रम कामाचा नव्हता. ही तुलना ज्यात नाही, तो ‘केऑटिक’ सुधारणेचा दावा मी तरी राखूनच वाचतो.

संगणकावर अनंत दशांश नसतात, हेही विसरले जाते. केऑसचे असेच आणखी एक सूत्र, दुप्पट उताराचा टेंट मॅप, साध्या द्विमान अंकगणितात पन्नास-साठ पावलांत शून्यावर येऊन बसतो. लॉजिस्टिक मॅपही ०.५ पासून सुरू केला तर १ वर आणि लगेच शून्यावर जातो, ०.२५ पासून केला तर ०.७५ वर कायमचा थिजतो. सुरुवातीला अशा संख्या टाळा.