तमाम लोकांस कळविण्यात येते

गावाची अर्थव्यवस्था समजून घ्यायची असेल तर आधी बाजार पाहावा, असे आम्ही अर्थशास्त्राचे शिक्षक विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे सांगत आलो आहोत. अलीकडे मी त्याला एक पुस्ती जोडतो : बाजार पाहून झाला की गावातल्या भिंती वाचाव्यात. अखंड हरिनाम सप्ताहाचा कार्यक्रम, तान्ह्या पोळ्यातील नंदीसजावट स्पर्धा, कबड्डीचे सामने, नेत्रतपासणी शिबिर, कोणाच्या तरी तेरवीची खडूने लिहिलेली वार्ता, हे सारे तिथे असते आणि ते लांबूनही वाचता येते. त्याच भिंतींच्या आसपास, बहुधा कार्यालयाच्या आतल्या बाजूस, टंकलिखित अक्षरांतला एक कागदही असतो. 'तमाम लोकांस कळविण्यात येते की' अशी त्याची सुरुवात असते. तमाम लोकांपैकी तो कोणी वाचलेला नसतो.

या विरोधाभासाचा विचार करण्यासाठी खाप्यासारखे दुसरे गाव नाही. नागपूरहून सुमारे ३५ किलोमीटरवर, सावनेर तालुक्यात, कन्हान नदीच्या काठी हे गाव आहे. हातमागाच्या कापडासाठी ते एके काळी ओळखले जाई. जवळच गुमगावची मँगनीजची खाण आहे. पण खाप्याची खरी मिरास वेगळी आहे. येथे नगरपालिका स्थापन झाली ती १८६७ साली. स्थानिक स्वराज्याचा लॉर्ड रिपनचा प्रसिद्ध ठराव १८८२ चा आणि राष्ट्रीय सभेची स्थापना १८८५ ची. म्हणजे देशाच्या राजकारणाला आधुनिक वळण लागण्यापूर्वीच या विणकरांच्या गावात नगरपालिका आली होती. साहजिकच कोणाला वाटेल की अशा गावातला नागरिक शेजारच्या खेड्यातल्या माणसापेक्षा आपल्या कारभाराविषयी अधिक जाणता असेल.

वस्तुस्थिती निराळी आहे, आणि ती केवळ खाप्याची नव्हे. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाने खेड्यातल्या प्रत्येक मतदाराला ग्रामसभेत बसण्याचा हक्क दिला. ग्रामसभेची दवंडी द्यावी लागते. आमच्या भागात तिला डोंडी किंवा मुनादी म्हणतात. डफड्यावर थाप पडली की ज्याला अक्षरओळख नाही त्यालाही कळते की उद्या काहीतरी ठरणार आहे. शहर झालेल्या गावाला मात्र ही सोय नाही. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्यांची तरतूद केली, ती तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांसाठी. चाळीस हजारांपर्यंतच्या 'क' वर्ग नगरपरिषदा, ज्यांत खापा मोडते, या दोन्हींच्या मधल्या फटीत राहिल्या. खेडे असते तर ग्रामसभा मिळाली असती, महानगर असते तर प्रभाग समिती. छोट्या शहराच्या वाट्याला उरला तो सूचना-फलक.

म्हणूनच या फलकाकडे गमतीने पाहता येत नाही. १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमानुसार सभेची नोटीस कार्यालयात लावली जावी आणि सभा सर्वसाधारणपणे लोकांस खुली असावी, असा दंडक आहे. घरपट्टीची आकारणी यादी लोकांना पाहण्यासाठी खुली ठेवायची आणि हरकती मागवायच्या, हेही कायद्यात आहे. हे वाचणाऱ्या शिक्षकांनी आणि कारकुनांनी मनाशी आठवून पाहावे, आपण यांपैकी किती सभांना गेलो? मी स्वतः एकदाही गेलेलो नाही. ही कबुली देताना मला संकोच वाटतो, पण एक कारणही सांगावेसे वाटते.

काही वर्षांपूर्वी मी ज्या गावी राहत होतो, तेथील घरपट्टीची फेरआकारणी झाली. माझ्या दोन खोल्यांच्या घराला तीन खोल्यांची पट्टी लागली. चौकशीस गेलो तेव्हा हरकतीची मुदत संपून आठवडा झाला होता. नोटीस लावली होती काय, असे विचारले. लावली होती. ती आतल्या बोळात, उघड्या दाराच्या मागे होती. दार लोटल्याशिवाय दिसत नव्हती आणि कार्यालयाच्या वेळेत ते दार कधी लोटले जात नसे. तेथील कारकून सज्जन होता. तो म्हणाला, ''सर, नियमाप्रमाणे चिकटवली ना.'' त्याचे काही चुकले नव्हते. नियमाने चिकटवायला सांगितले होते, वाचले जाईल असे पाहायला सांगितले नव्हते. त्या न बांधलेल्या खोलीची पट्टी मी पुढे चार वर्षे भरली.

पगारदार माणसाला तो भुर्दंड सोसवतो. पण हरकतीची मुदत, घरकुलाच्या अर्जाची तारीख, नळजोडणीची यादी, रस्तारुंदीकरणाचा आराखडा, ही सर्व त्याच फलकावर येतात. माग थांबवून अर्धा दिवस कार्यालयात घालवणाऱ्या विणकराला चुकलेली तारीख माझ्यापेक्षा पुष्कळ महाग पडते. जॉर्ज स्टिगलर या अर्थशास्त्रज्ञाने १९६१ साली दाखवून दिले की माहितीलाही किंमत असते आणि ती शोधण्याचा खर्च माणूस मोजूनमापूनच करतो. त्याच्या मांडणीत नसलेली एक गोष्ट आमच्या भिंतींवर दिसते. तुमच्या येण्याने ज्याचा लाभ होतो तो मोठ्या अक्षरांत छापतो. तुमच्या न येण्याने ज्याचे काम सोपे होते तो बारीक अक्षरांत टंकलिखित करतो. कबड्डीच्या सामन्याला गर्दी हवी असते, आकारणीच्या हरकतींना नको असते. यात कोणाचे कारस्थान असावेच लागते असे नाही. आळसही तेच काम चोख बजावतो.

आता कोणी म्हणेल, फलक हवा कशाला? प्रभागाचा व्हॉट्सॲप-गट आहे, नळ येणार नाही हे सकाळीच कळते. खरे आहे, आणि नळापुरती ती सोय उत्तमच. तथापि येथे एक मूलभूत फरक पुसला जातो. पॉल सॅम्युएलसनने १९५४ साली सार्वजनिक वस्तूचे जे लक्षण सांगितले, त्यात डोंडी तंतोतंत बसते. ती एकाने ऐकली म्हणून दुसऱ्याच्या वाट्याची कमी होत नाही, आणि रस्त्यावरच्या कोणालाही ती ऐकण्यापासून रोखता येत नाही. व्हॉट्सॲपचा गट ही जेम्स बुकॅननने १९६५ साली वर्णन केलेली मंडळाची वस्तू आहे. सभासदांना लाभ, इतरांना दार बंद. गटात कोणाला घ्यायचे हे गटप्रमुख ठरवतो, आणि तो पुष्कळदा कोणत्या ना कोणत्या पक्षाचा कार्यकर्ता असतो. मागच्या निवडणुकीत विरोधात गेलेल्या घराला किंवा ज्या म्हाताऱ्या बाईकडे साधा फोन आहे तिला घरकुलाची तारीख मग कोण सांगणार? डोंडी पिटणाऱ्याने मतदारयादी पाहून गल्ली वगळली, असे मात्र मी कधी ऐकले नाही.

मुदत संपल्यावर निवडणुका लांबल्या आणि राज्यातल्या बऱ्याच नगरपरिषदांचा कारभार २०२५ च्या अखेरीपर्यंत काही वर्षे प्रशासकांच्या हाती राहिला. त्या काळात तर विचारायला नगरसेवकही नव्हता.

फलकाची शक्ती किती असते याचा दाखला आफ्रिकेतील युगांडाने दिला आहे. तेथील प्राथमिक शाळांना सरकारकडून मिळणाऱ्या अनुदानापैकी १९९१ ते १९९५ या काळात सरासरी अवघे १३ टक्के शाळांपर्यंत पोहोचत होते, असे रेनिका आणि स्वेन्सन या अभ्यासकांना आढळले. पुढे सरकारने प्रत्येक जिल्ह्याला दिलेली रक्कम वृत्तपत्रांत छापण्यास आणि शाळांच्या भिंतींवर लावण्यास सुरुवात केली. २००१ पर्यंत शाळांना ८० टक्क्यांहून अधिक रक्कम मिळू लागली. ही सारी सुधारणा एकट्या कागदाची नव्हे, असे आक्षेप अर्थशास्त्रज्ञांनी घेतले आहेत, आणि ते रास्त आहेत. पण आमच्याकडे निदान तो कागद तरी दाराच्या पुढे येऊ द्या.

त्यासाठी नवा कायदा लागत नाही. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ मध्ये, कोणी न मागता माहिती प्रसृत करावी, असे म्हटले आहे. प्रसृत करणे म्हणजे काय हेही तेथेच सांगितले आहे, आणि त्यात सूचना-फलक, वृत्तपत्रे, जाहीर घोषणा, इंटरनेट हे सर्व येते. खर्चाचा आणि स्थानिक भाषेचा विचार करावा, असेही तो कायदा सांगतो. घंटागाडी रोज सकाळी गल्लोगल्ली फिरतेच. तिच्या भोंग्यावरून ओल्या-सुक्या कचऱ्याचे गाणे वाजते, त्यानंतर अर्ध्या मिनिटात हरकतीची शेवटची तारीख सांगता येईल. मोठ्या अक्षरांत फळा लिहायला नगरपरिषदेच्या शाळेतले मुख्याध्यापक नाही म्हणतील असे वाटत नाही.

यंदा माझ्या विद्यार्थ्यांना मी एक प्रात्यक्षिक दिले आहे. प्रत्येकाने आपापल्या गावातील नगरपरिषदेच्या फलकावरील एक नोटीस उतरवून आणायची आणि ती शेजारच्या तीन घरांत वाचून दाखवायची. पहिल्या आठवड्यात एक मुलगी रिकाम्या हाताने परत आली. फलकाला काच होती, काचेला कुलूप होते आणि आतली नोटीस मागच्या वर्षीची होती. मी तिला तेवढेच वहीत लिहून ठेवायला सांगितले आहे. किल्ली कोणाकडे असते, हे विचारायला ती येत्या सोमवारी पुन्हा जाणार आहे.