दहा रोपं, आठ महिने, 6,55,360

दसऱ्याच्या सुमारास उल्हास नदीच्या एखाद्या संथ डोहात जलपर्णीची 10 रोपं उरली आहेत, असं धरू. पंधरवड्यात ती 20 होतात, महिनाभरात 40. दर पंधरा दिवसांनी दुप्पट या वेगाने 16 पंधरवडे गेले की पुढच्या पावसाच्या तोंडावर ती होतात 6,55,360. पेनफाउंड आणि अर्ल या शास्त्रज्ञांनी 1948 मध्ये अमेरिकेतल्या लुईझियानासाठी हा हिशोब मांडला. तिथला वाढीचा हंगाम आठ महिन्यांचा. आपल्याकडेही एक पूर ओसरून दुसरा येईपर्यंत साधारण तेवढाच काळ जातो.

एवढ्या रोपांनी सुमारे एक एकर पाणी झाकलं जातं. दाट जलपर्णीचं ओलं वजन हेक्टरी 400 टनांपर्यंत जातं. म्हणजे एकरी 160 टन, दहा टनी 16 ट्रक. त्यातलं जवळपास 95 टक्के नुसतं पाणी!

एक रोप उचलून पाहा. देठाचा फुगीर भाग कापला की आत स्पंजासारखी हवेची जाळी दिसते, म्हणून ते तरंगतं. खाली काळसर मुळांचा झुपका, आणि बाजूला आडव्या दांडीच्या टोकाला आलेलं पिल्लू रोप. दांडी तुटली की त्याचा स्वतंत्र संसार सुरू. शिवाय बी गाळात 20 वर्षंही जिवंत राहू शकतं.

ही वनस्पती मूळची अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातली. त्याच पाण्यातली केमन ही छोटी मगरही माणसामुळे फ्लोरिडा, क्युबा आणि पोर्टो रिकोत जाऊन रुजली. पण तिची मादी एका वेळी साधारण 20 ते 40 अंडी घालते आणि पिल्लू वयात यायला काही वर्षं लागतात. परक्या नदीत मगर निघाली तर गाव गोळा होईल. जांभळ्या फुलांची जलपर्णी मात्र शोभेची म्हणून माणसानेच देशात आणली, आणि तिने मगरीपेक्षा कितीतरी जास्त मुलूख काबीज केला. आफ्रिकेच्या व्हिक्टोरिया सरोवरात 1998 च्या सुमारास तिने 15,000 हेक्टरहून अधिक पाणी व्यापलं होतं.

आता आपल्या नद्यांकडे येऊ. कल्याणजवळच्या खडवलीला भातसा नदी वाहते. मुंबईला पाणी देणाऱ्या सात जलाशयांचा एकूण साठा 14,47,363 दशलक्ष लिटर. त्यात एकट्या भातसा धरणाचे 7,17,037. हे पाणी नदीच्याच पात्रातून पिसे बंधाऱ्यापर्यंत येतं. अशा नदीचं काय होऊ शकतं ते खडवलीहून कल्याणच्या दिशेने दोन स्टेशनं पुढे दिसतं: आंबिवलीजवळच्या मोहन्याला उल्हास नदी उन्हाळ्यात हिरव्या गालिच्याखाली गेलेली असते. सांडपाण्यातलं नायट्रोजन आणि फॉस्फरस हे त्या गालिच्याचं खत.

आता हिशोब उलटा करू. मे अखेरीस पात्र पूर्ण झाकलं, तर मेच्या मध्यावर ते अर्धं झाकलेलं होतं. मार्च अखेरीस सोळावा हिस्सा, म्हणजे रुपयातले सहा पैसे. जानेवारी अखेरीस 256 वा हिस्सा. आपली यंत्रं आणि मोर्चे नदीवर पोचतात ते पात्र अर्धं गेल्यावर. तेव्हा हातात उरलेले असतात पंधरा दिवस.

जानेवारी अखेरीस एक ट्रक जलपर्णी मुळासकट उचलली, तर मे अखेरीचे 256 ट्रक वाचतात. सांडपाणी अडवणं हाच कायमचा उपाय. पण तोवर पालिकांनी आणि ग्रामपंचायतींनी जलपर्णी काढायचं काम दसऱ्यालाच सुरू करायला हवं, रोपं बोटांवर मोजता येतात तेव्हा.