पाच हजारांचा दंड, एकशे सहा वर्षे

अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यातल्या एका चित्रित खांबावर जॉन स्मिथ या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने आपले नाव आणि तारीख कोरून ठेवली. साल १८१९. शिकारीला आलेल्या या माणसामुळे लेणी जगापुढे आली आणि चित्रांवर नाव कोरण्याचा मानही त्यानेच पटकावला. पुढे मुंबईच्या डॉ. जेम्स बर्ड यांनी संग्रहासाठी भिंतीवरची चित्रे सोलून काढायचा घाट घातला आणि चित्रांचीच नासाडी केली. दोघांनाही जाब विचारणारे कोणी नव्हते. बंगालमध्ये १८१० साली आणि मद्रासमध्ये १८१७ साली सार्वजनिक इमारतींसाठी नियम झाले होते, पण खासगी मालकीच्या वास्तूपुढे त्यांचे काही चालत नसे.

दात असलेला कायदा आला १९०४ साली. वंगभंगामुळे बदनाम झालेल्या व्हाइसरॉय कर्झनचे हे काम मात्र टिकले. संरक्षित स्मारक पाडले, बिघडवले, विद्रूप केले तर तीन महिने कैद किंवा पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही. त्या काळी ही रक्कम म्हणजे एखाद्या कारकुनाचा कित्येक वर्षांचा पगार. मालकाने सरकारशी करार केलेला नसेल, तर तो मात्र मोकळा. शिवाय कायदा ब्रिटिश मुलखापुरता. अजिंठा निजामाच्या राज्यात असल्यामुळे तिथली देखभाल हैदराबादच्या पुरातत्त्व खात्याकडे गेली. ते १९१४ साली गुलाम यझदानी यांच्या हाताखाली सुरू झाले.

स्वातंत्र्यानंतर १९५८ साली नवा कायदा झाला. मालकाची सवलत गेली, स्मारकाची नासधूस हा दखलपात्र गुन्हा ठरला. शिक्षा? तीच. तीन महिने, पाच हजार. कायद्याची धार कोणी मुद्दाम बोथट केली नाही. महागाईने ते काम परस्पर केले. नव्वदच्या दशकात पाच हजारांचा धाक कोणाला वाटणार होता?

आकडा बदलला तो थेट २०१० साली : दोन वर्षे कैद, एक लाख दंड. पण ही दुरुस्ती नावे कोरणाऱ्यांसाठी झालीच नव्हती. स्मारकांलगतच्या बांधकामांना दिलेल्या परवानग्या दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ साली बेकायदा ठरवल्या, त्यातून ती उभी राहिली. शंभर मीटरपर्यंत बांधकामाला बंदी, त्यापुढच्या दोनशे मीटरांत नियंत्रण, हा तिचा गाभा. दंड वाढला तो जाता जाता.

हा झाला केंद्राचा कायदा. महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा १९६०चा. म्हणून आपल्याकडे दोन यंत्रणा आहेत. जुलै २०२५मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत एकत्र गेले, त्यांतले अकरा महाराष्ट्रातले. शिवनेरी, लोहगड, सिंधुदुर्ग केंद्राकडे. साल्हेर, खांदेरी, प्रतापगड राज्याकडे. गडाच्या तटावर ऑइल पेंटने नाव रंगवणारा सापडलाच, तर तक्रार करणारे खाते रायगडावर केंद्राचे असते आणि राजगडावर राज्याचे.