जनगणनेची चोपडी : नोंद प्रत्येकाची, प्रकट केवळ बेरीज

व्यापारी घराला हिशेबाचे महत्त्व सांगावे लागत नाही. रोजकीर्दीतील एक नोंद चुकली, तरी खतावणी चुकते आणि वर्षअखेरीस ताळेबंद जुळत नाही. राष्ट्राचीही अशीच एक चोपडी आहे. तिचे नाव जनगणना. आपल्या देशात १८७२ मध्ये तिचा आरंभ झाला, आणि १८८१ पासून २०११ पर्यंत दर दहा वर्षांनी ती अखंड लिहिली गेली. २०२१ ची गणना कोविडच्या महामारीमुळे लांबली. आता १ मार्च २०२७ हा नव्या गणनेचा संदर्भदिन ठरला आहे.

हे काम दोन टप्प्यांत होते. आधी घरयादी : घराचे बांधकाम, पाणी, वीज, शौचालय, इंधन, वाहन इत्यादी. नंतर प्रत्येक व्यक्तीची गणना : वय, शिक्षण, व्यवसाय, मातृभाषा, धर्म, जन्मस्थान, स्थलांतर. येथे ‘कुटुंब’ म्हणजे एका स्वयंपाकघरात जेवणारी माणसे. एकाच वाड्यात दोन भावांच्या चुली वेगळ्या असतील, तर कुटुंबे दोन. शिक्षणासाठी वसतिगृहात राहणाऱ्या मुलाची गणना वसतिगृहात होते, घरी नव्हे.

गुप्ततेची हमी

‘ही माहिती आयकर खात्याकडे तर जाणार नाही ना?’ ही शंका पेढीवर हमखास निघते. तिचे उत्तर १९४८ च्या जनगणना कायद्यात आहे. कलम १५ प्रमाणे गणनेची कागदपत्रे पाहण्याचा अधिकार कोणालाही नाही. भाऊबंदकीच्या वाटणीचा दावा असो वा देण्याघेण्याचा, त्यांतील नोंद दिवाणी न्यायालयात पुरावा ठरत नाही. फौजदारी खटल्यातही, खुद्द या कायद्याखालील गुन्हा वगळता, ती चालत नाही. माहिती फोडणाऱ्या कर्मचाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. उलट, उत्तर देणे हे नागरिकाचे कायदेशीर कर्तव्य आहे. नकार देणे वा जाणूनबुजून खोटे सांगणे दंडनीय आहे. २०११ मध्ये कुटुंब बँकेची सेवा घेते का, एवढेच विचारले होते. शिल्लक किती, हे नव्हे.

याच कायद्यात एक हृद्य तरतूद आहे. रूढीने पतीचे नाव उच्चारणे वर्ज्य असलेल्या स्त्रीला ते सांगण्याची सक्ती करता येत नाही. लोकांच्या मर्यादेचा मान राखूनच ही गणना योजली गेली.

उघडे होते ते काय?

जनतेसमोर येतात ती केवळ कोष्टके : गाव, प्रभाग, तालुका, जिल्हा, राज्य यांच्या बेरजा. त्यांत कोणाचेही नाव नसते. मतदारसंघांची फेररचना, शाळा, आरोग्यसेवा, पाणीयोजना यांचा विचार याच आकड्यांवर उभा राहतो.

२०११ च्या कोष्टकांत देशातील जैनांची संख्या ४४,५१,७५३ आहे; एकूण लोकसंख्येच्या सुमारे ०.३७ टक्के. त्यांपैकी जवळजवळ १४ लक्ष एकट्या महाराष्ट्रात. इतक्या लहान समाजात नोंदीतील हलगर्जीपणा लगेच जाणवतो. कोल्हापूर-सांगलीकडे ‘पाटील’ आडनावाची कितीतरी घराणी जैन आहेत. केवळ आडनावावरून धर्म लिहिला गेला, तर नोंद चुकलीच. प्रगणकाने अनुमान न करता विचारावे आणि सांगितले तेच लिहावे, असा नियम आहे. पण घरच्यांनी तरी ‘काय हवे ते लिहा’ असे का म्हणावे?

मातृभाषेचेही तसेच. लहानपणी आई ज्या भाषेत आपल्याशी बोलली, ती मातृभाषा. म्हणून एका घरात सासूची मारवाडी, सुनेची गुजराती आणि नातवाची मराठी, अशा तीन नोंदी होऊ शकतात; त्या तिन्ही खऱ्या असतील. घरातील कर्त्याने सर्वांची एकच भाषा सांगून टाकू नये.

या वेळी मोबाइलवरून गणना होणार असून स्वतः माहिती भरण्याचीही सोय आहे. घरातील तरुणांनी ती भरताना आजी-आजोबांजवळ बसावे, प्रत्येकाला त्याचे उत्तर विचारावे. कन्येचे शिक्षण, गृहिणीचा घरगुती उद्योग, वृद्धाचे जन्मगाव, यांतील काहीही ‘किरकोळ’ म्हणून सोडू नये. आपण दिलेले उत्तर कुलपात राहील. त्याची बेरीज मात्र पुढील अनेक वर्षे देशाच्या निर्णयांत उतरत राहील.