सोनेरी केसांवर घरच्या घरी लाल रंग: आधी हे समजून घ्या

इनबॉक्समध्ये एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतोय. केस ब्लीच करून सोनेरी केलेत, आता लाल करायचेत, पार्लरचं बिल परवडत नाही. घरी जमेल का? जमेल. सगळ्यात कठीण काम, म्हणजे काळा रंग काढणं, तुमचं आधीच झालंय. माझ्या रूममेटचे केस मी दोनदा लाल केलेत, त्यामुळे बोलतोय ते बादली-मगचा अनुभव घेऊन.

आधी खाली काय आहे ते बघू. आपले केस काळे असतात मेलॅनिनमुळे. ब्लीचमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड आणि परसल्फेट मिळून ते मेलॅनिन तोडतात. काळा, मग तपकिरी, मग लालसर, केशरी आणि शेवटी पिवळा. म्हणजे तो सोनेरी रंग बहुतेक वेळा कुणी भरलेला नसतो, तो उरलेला असतो. त्यावर लाल बसला की शेंदराकडे झुकतो. डाळिंबी किंवा वाईनसारखा निळसर लाल हवा असेल तर खालचा पिवळा त्यातली निळसर छटा मारतो. केस अगदी पांढरट असतील आणि रंग कंडिशनरमध्ये पातळ केला, तर गुलाबी निघतो. डब्यावरच्या फोटोवर जाऊ नका हो, त्या मॉडेलच्या केसाखाली काय होतं ते आपल्याला कुठे माहीत असतं!

दुसरी गोष्ट, ब्लीचने केसावरचे खवले झिजतात आणि केस स्पंजासारखा होतो. रंग पटकन पितो, तितक्याच पटकन सोडतो. टोकं सगळ्यात जुनी, म्हणून सगळ्यात जास्त पितात. त्यांना रंग शेवटी लावा.

आता दुकानात दोन प्रकार दिसतील. एक पर्मनंट, ज्यात रंगात डेव्हलपर मिसळावा लागतो. डेव्हलपर म्हणजे पुन्हा पेरॉक्साइडच. २० व्हॉल्यूम म्हणजे ६ टक्के. दुसरा सेमी-पर्मनंट, जो थेट डब्यातून लावायचा. माझं मत स्पष्ट आहे: सेमी-पर्मनंटच घ्या. तुम्हाला केस आणखी उजळ करायचे नाहीत, मग थकलेल्या केसाला परत पेरॉक्साइड कशाला?

आता जरा गंभीर बोलतो. पर्मनंट रंगांमध्ये बऱ्याचदा पीपीडी नावाचं रसायन असतं, पूर्ण नाव पॅरा-फेनिलीनडायअमीन. काही झटपट 'काळ्या मेंदी'तही ते असतं. लग्नात किंवा जत्रेत तशी मेंदी काढून हाताला खाज किंवा फोड आले असतील, तर शरीराने ते लक्षात ठेवलंय असं समजा. पुढे केसांच्या रंगाने चेहरा, डोळे सुजू शकतात. असं झालेलं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय रंग नकोच. बाकीच्यांनीही लेबल वाचा आणि ४८ तास आधी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून बघा. सेमी-पर्मनंट असला तरी. लग्न परवा आणि रंग उद्या, असला प्लॅन नको. रंगानंतर श्वास लागला किंवा ओठ सुजले तर सरळ हॉस्पिटल गाठा.

मानेजवळच्या एका बटेवरही ट्राय करा. आम्ही डेव्हलपर लोक (बाटलीतला नव्हे, कोडवाला) स्टेजिंगवर टेस्ट न करता लाइव्ह जात नाही, तसंच. इथे तर रोलबॅकही धड नाही, कारण लाल काढायला गेलात तर केशरी-गुलाबी डाग मागे राहतात.

लावणं सोपं आहे. शॅम्पू करून केस पूर्ण वाळवा, कंडिशनर नको. कपाळ, कान, मानेवर व्हॅसलीन, हातात ग्लोव्हज, अंगात टाकाऊ टीशर्ट. चार भाग करून भरपूर रंग लावा, डब्यावर लिहिलाय तितका वेळ ठेवा. मग गार पाण्याने, पाणी जवळजवळ स्वच्छ येईपर्यंत धुवा. फरशीवरचे थेंब लगेच पुसा, नाहीतर घरमालकाला उत्तर द्यावं लागेल.

पुढचे दोन-तीन दिवस शॅम्पू नको, नंतरही सल्फेट-फ्री आणि कमी वेळा. तरी रंग उतरणार. उशीचा अभ्रा गडद घ्या. पावसात पांढरा शर्ट घालू नका. बाइकवाल्यांनो, हेल्मेटखाली रुमाल बांधा, नाहीतर घामाने आतलं अस्तर लाल होतं आणि मग तुमचं हेल्मेट उधार घेणाऱ्या मित्राचं कपाळही. फिका पडायला लागला की कंडिशनरमध्ये थोडा तोच रंग मिसळून लावा. मुळं मात्र महिन्याला साधारण एक सेंटीमीटर काळी वाढत राहतील, आणि त्या काळ्यावर हा रंग जवळपास दिसतच नाही.