अस्तर उलटते तेव्हा

१९८९ साली लंडनमध्ये एक साधाच वाटणारा प्रयोग झाला. आमवाताच्या, म्हणजे रूमेटॉइड संधिवाताच्या रुग्णांच्या सांध्यांतले अस्तर घेऊन त्यातल्या पेशी काचेच्या भांड्यांत वाढवल्या आणि त्यांत टीएनएफ या एकाच रेणूला पकडून ठेवणारी प्रतिपिंडे मिसळली. अशा अस्तरात दाह पेटवणाऱ्या रेणूंची एवढी गर्दी असते, की एकाला अडवून काय साधणार, असा प्रश्न कुणालाही पडावा. पण टीएनएफ अडताच इंटरल्युकिन-१ या दुसऱ्या दाहक रेणूची निर्मितीही घसरली. गर्दीला उतरंड होती आणि टीएनएफ तिच्या वरच्या टोकाला होता. फिओनुला ब्रेनन, मार्क फेल्डमन आणि लुधियानात जन्मलेले रविंदर मैनी यांच्या या कामातून पुढे १९९२ साली लंडनच्या चेरिंग क्रॉस रुग्णालयात पहिल्या २० रुग्णांना ही प्रतिपिंडे मिळाली. सूज उतरली, सकाळी आखडणारे हात मोकळे झाले. औषधाचा असर ओसरला तसा आजार परतला.

तो परतला कुठून? याचे उत्तर बराच काळ फक्त रक्तातून येणाऱ्या प्रतिकारपेशींत शोधले गेले. अस्तराला जणू आगीत सापडलेले घर समजले गेले, आणि माझ्या मते इथेच अनेक वर्षे निसटली.

निरोगी सांध्याचे हे अस्तर, सायनोव्हियम, जेमतेम एक ते तीन पेशी जाडीचे असते. त्यात दोन जातींच्या पेशी शेजारी नांदतात. मॅक्रोफेज साफसफाई करतात. फायब्रोब्लास्ट हायल्युरॉनिक आम्ल आणि ल्युब्रिसिन बनवतात, त्यावर सांधा विनातक्रार फिरतो. आमवातात हेच अस्तर दहा-बारा थरांपर्यंत फुगते आणि त्याची साय कूर्चेवर चढते. टीएनएफ फायब्रोब्लास्टच्या पृष्ठभागावरच्या ग्राहकाला चिकटला, की आत एनएफ-कॅपा-बी हे प्रथिन जागे होते, केंद्रकात शिरते आणि वेगळीच जनुके चालू करते. वंगण बनवणारी पेशी मग कूर्चा विरघळवणारी विकरे सोडू लागते. ती रँकल नावाचा रेणूही बनवते, त्यातून हाड खाणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशी तयार होतात. शिवाय ती इंटरल्युकिन-६ एवढे ओतते, की आणखी प्रतिकारपेशी धावून येतात आणि पुन्हा टीएनएफ सोडतात. हाक कुणाची आणि ओ कुणाची, हे मग सांगता येत नाही.

१९९६ साली मुलर-लाडनर आणि स्टेफेन गाय यांच्या गटाने कोडे अधिक अवघड केले. प्रतिकारशक्ती जवळपास नसलेल्या उंदरांत त्यांनी रुग्णांचे फायब्रोब्लास्ट आणि निरोगी माणसाची कूर्चा शेजारी शेजारी रोवली. चिथावणारी एकही मानवी लिम्फोसाइट जवळ नसताना त्या पेशी कूर्चेत घुसल्या. म्हणजे संदेश थांबला तरी सवय उरते.

२०१९ साली या पेशींतही दोन तऱ्हा असल्याचे उंदरांवरील प्रयोगांतून दिसले. अस्तराच्या वरच्या थरातले फायब्रोब्लास्ट हाड आणि कूर्चेची झीज घडवतात, खालच्या थरातले दाह पेटता ठेवतात. सूज कमी दिसत असूनही एखाद्याच्या एक्स-रेत झीज का वाढलेली सापडते, याचा धागा इथे असू शकेल. २०२१ साली आणखी एक गोष्ट पुढे आली. एकदा दाह सोसलेल्या सांध्यातले फायब्रोब्लास्ट, त्यांच्यातच बनणाऱ्या सी३ या प्रथिनाच्या मार्गाने, पुढच्या वेळी अधिक तिखट प्रतिसाद देण्यासाठी तयार राहतात. तोच गुडघा, तेच मनगट पुन्हा पुन्हा का धरते, हे रुग्ण विचारतात ते उगाच नाही.

आजची औषधे मात्र बहुतांशी निरोप अडवतात. टीएनएफ-विरोधी इंजेक्शने बाहेरचा रेणू पकडतात, टोफासिटिनिबसारख्या गोळ्या पेशीच्या आतला जॅक हा संदेशमार्ग रोखतात. किंमत फक्त पैशांतच मोजावी लागते असेही नाही. क्षयाच्या जंतूंना गाठीत कोंडून ठेवण्याचे काम टीएनएफच करतो, म्हणून भारतात हे इंजेक्शन देण्याआधी दडलेल्या क्षयाची तपासणी टाळून चालत नाही. बिघडलेल्या फायब्रोब्लास्टलाच वळणावर आणणारे औषध अजून रोजच्या वापरात नाही.

पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ पासून भिगवण गावात घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी केली, तेव्हा आमवाताचे प्रमाण सुमारे अर्धा टक्का आढळले. टक्का लहान वाटतो, पण महाराष्ट्राच्या लोकसंख्येला लावून पाहा: काही लाख माणसे होतात. यांतले कितीतरी जण वेदनाशामक गोळीवर दिवस काढतात. ती गोळी ठणका कमी करते, सांध्याची झीज थांबवत नाही. बोटांचे लहान सांधे सुजत असतील, सकाळी अर्ध्या तासाहून अधिक वेळ आखडत असतील आणि हे सहा आठवडे टिकले असेल, तर संधिवाततज्ज्ञांना गाठा. मेथोट्रेक्सेट हे औषध लिहून दिले, तर ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते, रोज नव्हे, हे घरातल्या दुसऱ्या कुणालातरी सांगून ठेवा.